मासा स्वतःचीच खळबळ वजा कशी करतो? लॅटरल लाइन आणि तिच्यामागचा मेंदू

आख्खी सुरमई घेणार असाल तर कापायला द्यायच्या आधी तिच्या कुशीवर एकदा नीट बघा. कल्ल्यांच्या मागून एक बारीक रेघ निघते, बराच वेळ पाठीला धरून जाते आणि पाठीवरचा दुसरा पर संपतो तिथे एकदम खाली घसरते, मग वाकडीतिकडी होत शेपटीपर्यंत पोचते. जिताड्यात हीच रेघ शेपटीच्या परावरसुद्धा चढलेली असते. तारली काय, पेडवे काय, त्यांच्या अंगावर शोधून सापडणार नाही, कारण त्या घराण्यात अंगावरची रेघच नसते, जे काय आहे ते डोक्यातल्या नळ्यांमध्ये. ही रेघ म्हणजे लॅटरल लाइन, पाठ्यपुस्तकातली पार्श्वरेखा.

शाळेत आपल्याला एका वाक्यात सांगितलेलं असतं की ह्या रेघेमुळे माशाला पाण्यातली हालचाल कळते, आणि ते बरोबरच आहे, पण त्यात एक मोठी अडचण आहे जी कोणी सांगत नाही. मासा स्वतः हलतोय ना! शेपटी मारली की पाणी ढवळलं, कल्ले उघडले मिटले की पाणी ढवळलं, आणि हे सगळं ढवळणं त्याच्या स्वतःच्या कातडीला चिकटून चाललंय, तर लांबून येणाऱ्या मोठ्या माशाची चाहूल त्यामानाने अगदीच किरकोळ. मग त्याला कळतं कसं की हे पाणी मी हलवलं आणि हे दुसऱ्या कोणीतरी? माझ्या मते लॅटरल लाइनची खरी गंमत ह्या प्रश्नात आहे. बाहेरची कंपनं पकडणं हे अर्धंच काम, स्वतःची कंपनं वजा करणं हे उरलेलं अर्धं, आणि ते मेंदूत होतं.

आधी कातडीवर काय आहे ते बघू. रेघेतल्या प्रत्येक खवल्याला एक बारीक भोक असतं आणि आतून एक नळी गेलेली असते. सतराव्या शतकापासून लोकांना वाटायचं की ह्या नळ्या चिकट बुळबुळीत स्राव तयार करण्यासाठी आहेत, जे बघता साहजिकच आहे, मासा हातात घेतला की पहिलं तेच लागतं. १८५० च्या सुमाराला फ्रान्झ लायडिग ह्या जर्मन संशोधकाला नळ्यांच्या आत संवेदना टिपणारे अवयव दिसले, मग १९०८ मध्ये ब्रुनो होफरनी दाखवलं की माशाला त्यातून पाण्याचा प्रवाह कळतो, आणि १९३० च्या दशकात स्वेन डाइकग्राफ ह्या डच शास्त्रज्ञानी हे प्रकरण बऱ्यापैकी निकालात काढलं, की हा लांबून स्पर्श करण्याचा प्रकार आहे. लांबून म्हणजे फार लांबून नाही हां, साधारण स्वतःच्या अंगाच्या एक-दोन लांबीइतकं. त्यापलीकडची खबर कान आणि डोळे देतात.

त्या अवयवाला न्यूरोमास्ट म्हणतात. एका न्यूरोमास्टमध्ये काही हेअर सेल असतात, म्हणजे अशा पेशी ज्यांच्या डोक्यावर केसांसारख्या सूक्ष्म काड्यांचा झुबका असतो, आणि हा सगळा झुबका एका जेलीसारख्या टोपीत बुडालेला असतो, ती टोपी बाहेर पाण्यात उभी. पाणी हललं की टोपी कलते, टोपी कलली की काड्या कलतात. काड्या लहान-मोठ्या अशा पायरीपायरीने लावलेल्या असतात आणि शेजारच्या काड्यांची टोकं अतिशय बारीक धाग्यांनी जोडलेली असतात. उंच काडीच्या बाजूला झुबका कलला की धागे ताणले जातात आणि पेशीवरची छोटी दारं उघडतात, विद्युतभार असलेले कण आत शिरतात, पेशी खालच्या नसेवर ग्लुटामेट नावाचं रसायन सोडते आणि नस सिग्नल पाठवते. उलट्या बाजूला कलला की दारं बंद, सिग्नल कमी.

इथे एक बारकावा आहे जो पुढे कामाला येणार आहे. एका न्यूरोमास्टमध्ये निम्म्या पेशींचं तोंड एका बाजूला असतं आणि निम्म्यांचं बरोबर विरुद्ध बाजूला, त्यामुळे पाणी डोक्याकडून शेपटीकडे गेलं तर एक टोळी जागी होते आणि शेपटीकडून डोक्याकडे आलं तर दुसरी. आणि एक नस एकाच तोंडाच्या पेशींना जोडलेली असते, दोन्ही टोळ्यांची सरमिसळ नाही. म्हणजे मेंदूला नुसतं ‘पाणी हललं’ एवढं कळत नाही, कुठल्या बाजूला हललं तेही वेगळ्या वायरीवरून कळतं. नसा अगदी शांत पाण्यातसुद्धा गप्प बसत नाहीत, थोडे थोडे सिग्नल सोडतच असतात, म्हणून वाढणं आणि कमी होणं असे दोन्ही अर्थ त्यात भरता येतात.

न्यूरोमास्टचे प्रकार दोन. काही कातडीवर उघडे, काही नळीच्या आत. उघड्यांना पाण्याचा वेग कळतो, संथ, सलग वाहणं, कमी फ्रिक्वेन्सी. नळीतल्यांना पाणी एका भोकापाशी जास्त दाबतंय आणि शेजारच्या भोकापाशी कमी दाबतंय हा फरक कळतो, म्हणजे बदल, झटके, साधारण दहा-वीस हर्ट्झपासून शंभर-सव्वाशे हर्ट्झपर्यंत. वाहत्या नदीत राहणाऱ्या ट्राउटला ह्याचा फायदा असा की सलग वाहणारं पाणी नळीच्या आत काही ढवळत नाही, उघडे न्यूरोमास्ट प्रवाहानं भरून गेले तरी नळीतले न्यूरोमास्ट जवळ फडफडणारा किडा टिपू शकतात. म्हणजे गाळणी लावायचं काम मेंदूच्या आधीच, नळीच्या रचनेनं थोडंफार करून टाकलेलं.

आता मेंदूकडे जाऊ. डोक्यावरच्या न्यूरोमास्टच्या नसा आणि धडावरच्या न्यूरोमास्टच्या नसा वेगवेगळ्या वाटांनी कानाच्या पुढून-मागून मेंदूच्या मागच्या भागात शिरतात आणि तिथे एका ठिकाणी पोचतात ज्याचं नाव मीडियल ऑक्टॅव्होलॅटरॅलिस न्यूक्लियस, नाव बोलायला जड आहे, सगळे त्याला मॉन म्हणतात, आपणही मॉनच म्हणू. डोक्याकडून आलेले तंतू मॉनच्या एका पट्ट्यात, शेपटीकडून आलेले दुसऱ्या पट्ट्यात, असा अंगाचा ढोबळ नकाशा तिथे असतो.

पण सिग्नल मॉनला पोचायच्या आधीच एक गोष्ट होते. मेंदूच्या मागच्या भागात अगदी मोजके न्यूरॉन, म्हणजे मेंदूतल्या पेशी, असे आहेत जे उलट्या दिशेनं, म्हणजे मेंदूकडून हेअर सेलकडे तार टाकतात. मासा पोहायला लागला की स्नायूंना हुकूम जातो त्याच वेळी ह्या न्यूरॉननाही खबर जाते, ते हेअर सेलवर ॲसिटाइलकोलीन नावाचं रसायन सोडतात आणि हेअर सेलची धार कमी होते, जितका वेळ पोहणं चालू तितका वेळ. पोहणं थांबलं की परत पहिल्यासारखं. म्हणजे मेंदू कातडीला आधीच सांगून ठेवतो की आता मी शेपटी मारणार आहे, तू उगाच बोंबलू नकोस. ह्यात फक्त गोंगाट कमी करणं एवढाच हेतू नसावा, हेअर सेलमधला रसायनाचा साठाही वाचतो, नाहीतर पोहून थांबल्यावर नेमक्या चाहूल घ्यायच्या वेळी पेशी दमलेल्या.

२०२० मध्ये पिखलर आणि लान्याडो ह्या दोघा संशोधकांनी झेब्राफिश ह्या छोट्या माशाच्या पिल्लांमध्ये ह्याच्याही पुढचं दाखवलं. हा आवर सगळ्या हेअर सेलना सारखा लागत नाही. मासा पुढे जातो तेव्हा त्याच्या अंगावरून पाणी डोक्याकडून शेपटीकडे सरकतं, तर नेमक्या त्याच तोंडाच्या पेशी दाबल्या जातात, उलट्या तोंडाच्या पेशी बऱ्यापैकी जाग्याच राहतात. वर म्हटलं तो दोन टोळ्यांचा बारकावा इथे कामाला आला. पुढे पोहण्यामुळे जे होणारच आहे ते झाकायचं, आणि मागून कोणी झडप घातली तर ते कळायला वाट मोकळी ठेवायची, खूपच हुशार व्यवस्था.

तरी ही व्यवस्था तशी ठोकळेबाज आहे, चालू किंवा बंद. कल्ल्यांच्या श्वासाचं काय? तो तर चोवीस तास चालू, त्याच्यासाठी कायमचं कान झाकून बसलं तर जगणार कसं. तिथे मॉन लागतो.

मॉनमध्ये क्रेस्ट सेल नावाच्या मोठ्या पेशी असतात आणि त्यांना दोन बाजूंना फांद्या. खालच्या फांद्यांवर लॅटरल लाइनच्या नसा येऊन टेकतात, म्हणजे तिथे कच्चा सिग्नल, त्यात आपलं-परकं सगळं मिसळलेलं. वरच्या फांद्या एका थरात पसरलेल्या असतात जिथून हजारो बारीक समांतर तंतू जातात, आणि हे तंतू लॅटरल लाइनबद्दल थेट काही सांगत नाहीत, ते सांगतात की मासा स्वतः आत्ता काय करतोय: कल्ला उघडायचा हुकूम निघाला, शेपटी डावीकडे गेली, पर हलला, वगैरे. ज्यांनी सेरिबेलम म्हणजे लहान मेंदूचं चित्र पाहिलंय त्यांना ही रचना लगेच ओळखीची वाटेल, समांतर तंतूंचा थर आणि त्यात फांद्या पसरलेल्या मोठ्या पेशी. म्हणूनच मॉनला सेरिबेलमसारखी रचना म्हणतात.

आता नियम एकच आहे आणि तो फार साधा आहे. एखादा समांतर तंतू जागा असताना त्याच वेळी क्रेस्ट सेलही पेटली, म्हणजे तिनं सिग्नल सोडला, तर त्या तंतूचा त्या पेशीवरचा जोर थोडा कमी होतो. हे असं परत परत झालं की काय होतं बघा. प्रत्येक वेळी कल्ला उघडला की पाणी हलतं आणि क्रेस्ट सेल पेटते, आणि प्रत्येक वेळी ‘कल्ला उघडतोय’ सांगणारा तंतू जागा असतो, त्यामुळे त्या तंतूचा धक्का कमी कमी होत जातो, इतका की कल्ला उघडताना तो पेशीला जेवढं वर ढकलायचा तेवढं ढकलत नाही आणि थराचा एकूण परिणाम खाली ओढणारा होतो. वरून खाली ओढ, खालून कल्ल्याच्या पाण्याचा धक्का, दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. पेशी गप्प. पण त्याच वेळी शेजारून कोळंबी सरकली तर तिची खबर कुठल्याच समांतर तंतूला आधी नसते, ती वजा होत नाही, ती पुढे जाते.

म्हणजे मेंदूला आधीपासून माहीत नसतं की श्वासाचा गोंगाट कसा दिसतो. तो शिकतो, आणि मासा मोठा झाला, पर फाटला, पोहायची ढब बदलली तर परत नव्याने शिकतो. जॉन मॉन्टगोमेरी आणि डेव्हिड बोडझनिक ह्यांनी १९९४ मध्ये हे मांडलं, माशाच्या श्वासाला जोडून एक कृत्रिम उत्तेजना परत परत दिली आणि बघितलं की न्यूरॉनचा प्रतिसाद थोड्याच वेळात विरत जातो, पण तीच उत्तेजना श्वासाशी न जुळवता दिली तर विरत नाही. त्यांनी ह्याला ॲडॅप्टिव्ह फिल्टर म्हटलं, म्हणजे स्वतःला जुळवून घेणारी गाळणी, इंजिनियरिंगवाल्यांचा शब्द आहे आणि चपखल आहे.

त्याच्याही आधीचा, १९८१ चा, कर्टिस बेल ह्यांचा प्रयोग मला जास्त आवडतो. मासा आफ्रिकेतला मॉर्मिरिड, हा अंगातून विजेचे छोटे ठोके सोडतो आणि त्यांच्यावरून आसपासचं ओळखतो, त्याची वीज ओळखायची यंत्रणा ही लॅटरल लाइनचीच सख्खी बहीण. बेलनी औषध देऊन विजेचा अवयव बंद पाडला, पण मेंदूतून ‘ठोका सोड’ हा हुकूम निघतच होता. मग प्रत्येक हुकुमाबरोबर बाहेरून एक ठोका द्यायला सुरुवात केली. काही मिनिटांत मेंदूनं तो वजा करायला शिकून घेतला. आता बाहेरचा ठोका बंद केला, तर हुकूम निघाल्यावर मेंदूत बरोबर उलटा प्रतिसाद दिसला, जिथे आधी वाढ तिथे आता घट. घरात फ्रीजची घरघर इतकी अंगवळणी पडलेली असते की ती थांबते तेव्हाच कान टवकारतात ना, तसलाच प्रकार, फक्त इथे ती वजाबाकी इलेक्ट्रोड लावून कागदावर काढता आली. ह्या उलट्या छापाला निगेटिव्ह इमेज म्हणतात.

मॉनमधून स्वच्छ झालेला सिग्नल बहुतांशी विरुद्ध बाजूला ओलांडून मधल्या मेंदूत टोरस सेमिसर्क्युलॅरिस नावाच्या भागात जातो. इथे असे न्यूरॉन सापडतात ज्यांना जागच्या जागी थरथरणाऱ्या गोष्टीत फारसा रस नाही, पण एखादी वस्तू अंगाशेजारून सरकत गेली की ते जागे होतात, काही तर एकाच दिशेनं सरकली तरच. तिथून टेक्टममध्ये, जिथे डोळ्यांनी दिसलेलं जगही येतं, म्हणजे दिसणं आणि जाणवणं तिथे भेटतं. आणि एक शॉर्टकट वेगळाच आहे: मागच्या मेंदूत माउथनर सेल नावाची एक जोडी असते, प्रत्येक बाजूला एक भलामोठा न्यूरॉन, कानाकडून आणि लॅटरल लाइनकडून त्याला खबर येते आणि ती पुरेशी धसकवणारी असली तर तो एकच न्यूरॉन पेटून मासा इंग्रजी सी अक्षरासारखा वाकतो आणि पसार. सगळं सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास. तिथे विचारबिचार काही नाही.

जिथे विचारासारखं काहीतरी लागतं ते म्हणजे अंतर. मिशिगन लेकमधला मॉटल्ड स्कल्पिन हा तळाशी बसून राहणारा, रात्री शिकार करणारा मासा, त्याच्यावर शेरिल कूम्ब्सनी पुष्कळ काम केलंय. डोळे नसले तरी तो पाण्यात थरथरणाऱ्या छोट्या मण्याकडे वळतो आणि चावा घेतो. कसं? थरथरणाऱ्या वस्तूमुळे माशाच्या अंगावर दाबाच्या फरकाचं एक नक्षीदार वळण उमटतं, मधे उंचवटा आणि दोन्ही बाजूंना उलटे खळगे. वस्तू जिथे, साधारण तिथेच उंचवटा, हे सोपं. पण वस्तू लांब गेली की उंचवटा ठेंगणा आणि पसरट होतो. नुसत्या ठेंगणेपणावरून फसायला होईल, कारण जवळची बारकी वस्तूसुद्धा ठेंगणाच उंचवटा देते. पसरटपणा मात्र अंतराचं खरं माप आहे. म्हणजे एका न्यूरोमास्टकडे बघून अंतर काढताच येत नाही, आख्खी ओळ एकत्र वाचावी लागते, आणि म्हणूनच अंगाचा नकाशा मेंदूपर्यंत जपून न्यायचा खटाटोप.

आपल्या इथल्या ओढ्यानाल्यांतला, ॲक्वेरियमच्या दुकानात स्वस्तात मिळणारा झेब्रा डॅनिओ, म्हणजेच लॅबमधला झेब्राफिश, त्याच्यावर २०१७ मध्ये हार्वर्डमधल्या फ्लोरियन एंगर्टच्या ग्रुपनी एक जुनं कोडं सोडवलं. अंधारात, तळाला न टेकता, पाण्याबरोबर वाहत असलेल्या माशाला कळतं कसं की आपण वाहतोय, आणि तो प्रवाहाच्या विरुद्ध तोंड कसं करतो? त्यांनी पिल्लांना अंधारात नळीत सोडलं. नळीत मधलं पाणी वेगानं जातं आणि भिंतीजवळचं हळू, त्यामुळे माशाच्या एका कुशीवरून पाणी जास्त वेगानं सरकतं, दुसरीवरून कमी, म्हणजे त्याच्याभोवती पाणी किंचित फिरतंय असं होतं. पिल्लू ह्या फरकावर लक्ष ठेवतं. फरक कमी होत चाललाय तर आहे तसंच पुढे जातं, फरक वाढतोय तर पाणी ज्या बाजूला फिरतंय त्या बाजूला वळतं. बस, एवढाच नियम, आणि हळूहळू तोंड प्रवाहाच्या विरुद्ध होतं. न्यूरोमास्ट रसायनानं मारले की ही अक्कल गायब. इथे दोन्ही कुशींची तुलना मेंदूलाच करावी लागते, ती एका बाजूच्या रेघेला जमणारी नाही.

मेक्सिकोच्या सिएरा दे एल आब्रा भागातल्या गुहांमधला आंधळा मासा मात्र सगळ्याला अपवाद वाटतो. ह्याच जातीचे डोळस भाऊबंद बाहेर नदीत आहेत, गुहेतल्यांचे डोळे गेले, आणि बदल्यात कातडीवरचे न्यूरोमास्ट वाढले, मोठे झाले. हा मासा स्वतःच्या पोहण्यानं जी लाट तयार होते तिचाच उपयोग करतो. तो सरकत जातो, भिंत अगदी जवळ आली की त्याच्या अंगाभोवतीचं पाणी दबतं, वळण बदलतं, आणि त्याला भिंत कळते. म्हणजे इथे स्वतःची खळबळ हाच टॉर्च. मग ती झाकून कसं चालेल? २०२२ मध्ये जेम्स लियाओ ह्यांच्या ग्रुपनी नेमकं हेच मोजलं. नदीतल्या माशात पोहताना लॅटरल लाइनची नस शांत होते, ते वर सांगितलं तसं. गुहेतल्या माशात ती तितकी शांत होत नाही, आवर घालणारी यंत्रणाच ढिली पडलेली. आणि वेगवेगळ्या गुहांतल्या माशांमध्ये हेच घडलेलं दिसलं.

हे सगळं माशांपुरतं आहे असं समजू नका. आपल्या आतल्या कानात ऐकण्यासाठी आणि तोल सांभाळण्यासाठी ज्या पेशी आहेत त्या ह्याच हेअर सेल, जेंटामायसिनसारखं अँटिबायोटिक जास्त झालं की आपल्याही मरतात आणि माशाच्याही, फरक इतकाच की माशाच्या काही दिवसांत परत उगवतात, आपल्या उगवत नाहीत. आणि ती वजाबाकीची रचनासुद्धा आपल्याकडे आहे. सस्तन प्राण्यांच्या मेंदूत कानाची नस जिथे पहिल्यांदा पोचते तिथल्या एका भागात, डॉर्सल कॉक्लिअर न्यूक्लियसमध्ये, तेच समांतर तंतू आणि तशाच मोठ्या पेशी. २०१७ मध्ये नेट सॉटेल ह्यांच्या लॅबनं उंदरांवर बघितलं की उंदीर पाणी चाटतो तेव्हा होणाऱ्या लप-लप आवाजाला तिथले न्यूरॉन फार कमी प्रतिसाद देतात, आणि तसाच आवाज बाहेरून दिला की भरपूर. तिथे पोचायच्या आधी मात्र, कानाच्या बाजूनं येणाऱ्या सिग्नलमध्ये, स्वतःचा आवाज आणि बाहेरचा आवाज सारखेच जोरात होते.